एकाच अक्षरातले पाहुणे

मी एक जुनी अभिप्रायवही आहे. मित्रांनो, माझा मुक्काम नदीकाठच्या पाणचक्कीत, दाराजवळच्या टेबलावर. चक्कीवाल्याने मला कापडी पुठ्ठ्यात बांधून घेतले, तेव्हा आमचे गाव पाहायला रोज माणसे येत. सात कमानींचा दगडी पूल, फुलांनी भरलेली टेकडी, पाण्यावर फिरणारे लाकडी चाक! पूल बांधताना प्रत्येक घराने दगड वाहून आणले, ही हकिकत चक्कीवाला रंगवून सांगे. जाताना लोक माझ्यात लिहीत, "पुन्हा येऊ."

पुढे चक्कीवाला वारला. मोठा रस्ता दुसरीकडून गेला. त्याची बायको एकटीच दार उघडू लागली आणि माझी पाने कोरी राहू लागली. पाहुणे येत नसतील तर चक्कीला कुलूप लावायचे, असे गावसभेत ठरले.

आणि अचानक माझ्यात नावे वाढली. कोणी डॉक्टर, कोणी चित्रकार, कोणी सहकुटुंब. मला शंका आली. सगळ्यांचा 'ळ' असा पोटफुगा कसा? शाईही तीच जांभळी. दुपारी बाई मागे चाकाला वंगण घालायला गेली, की कोणीतरी दबकत येई आणि घाईघाईने लिहून जाई. हा चक्की बळकावायला तर टपलेला नाही? मी धास्तावले, पण बोलणार कशी?

बाईलाही संशय आला. एवढे पाहुणे आले, मग पिठाळ फरशीवर पावले एकाच माणसाची कशी? एके दुपारी ती वंगणाचा डबा घेऊन निघाली आणि दाराआड थांबली. आत आला तो निवृत्त पोस्टमन, तिच्या नवऱ्याचा जिवलग मित्र.

"भावजी, आज कोण होऊन आलात?"

पोस्टमन ओशाळला. "चक्की बंद झाली की तुम्ही मुलीकडे निघून जाल, वहिनी. मग या गावात मला ओळखीचं दार कुठलं उरतं?"

बाईने त्याच्या हातातली लेखणी घेतली. मग तिने खोट्या नावांवर रेघा ओढल्या आणि मला सभेपुढे नेले. त्या वर्षातली खरी नावे अकराच निघाली. कोणी हसले, कोणी नाक मुरडले. पण सभेने एका उन्हाळ्याची मुदत दिली. आता पोस्टमन मोठ्या रस्त्यावर उभा राहतो आणि गावाच्या गोष्टी सांगत माणसांना इकडे वळवतो.

काल एका मुलीने लिहिले, "चाकाचा आवाज आवडला." बाईने आधी मुलीकडे पाहिले, मग सहीकडे, पुन्हा मुलीकडे, तेव्हा कुठे ती हसली.

मित्रांनो, एखादे गाव आवडले, तर नुसते फोटो काढून जाऊ नका. दोन ओळी लिहा आणि खाली स्वतःचेच नाव घाला. आमचा आता सहजासहजी कोणावर विश्वास बसत नाही.