बाजेखालच्या पाण्यावरचा पुदिना

मित्रांनो, बाल्कनीच्या कोपऱ्यात रंगाच्या जुन्या डब्यातून बाहेर सांडलेला हिरवा पसारा तुम्ही पाहिला असेल. तो मी. मी एक जुना पुदिना आहे. पुदिना आणि जुना? हसू नका. पानं कालची असली तरी जीव तोच आहे. माझा एक दांडा मातीत खोचा, मी पुन्हा मीच होतो. असा दांड्यादांड्यांनी मी पन्नासएक उन्हाळे पाहिले. त्यातल्या एका उन्हाळ्याचं नवल मात्र अजून सरत नाही.

उदगीरच्या बाजारातून सरजाबाईंनी मला जुडीत बांधून आणलं. पानं चटणीत गेली. उरलेला दांडा उकिरड्यावर जायचा, तो त्यांनी दाराशी फुटक्या रांजणाच्या बुडात माती भरून खोचला. तेव्हा लातूर जिल्हा अजून झाला नव्हता. आमचं गाव उस्मानाबाद जिल्ह्याच्या पार टोकाला होतं. जिल्ह्याच्या गावी जायचं तर लोक भाकरी बांधून निघत.

सरजाबाईंचं घर बौद्ध वस्तीत, गावाबाहेरच्या रस्त्याला लागून. दरवर्षी चौदा एप्रिलला, बाबासाहेबांच्या जयंतीला, वस्तीत माझं शरबत व्हायचं. वस्ती पोटभर प्यायची. गावातली माणसं मात्र रस्त्याने जाताना मान दुसरीकडे करायची. वस्तीतलं पाणी गावाला चालत नव्हतं.

सरजाबाईंचे सासरे लिंबाजीबाबा. त्यांनी कधीकाळी माळेगावच्या जत्रेतून नक्षीचे काचेचे ग्लास आणले होते आणि जुन्या धोतरात गुंडाळून पेटीत ठेवले होते. वस्तीतल्या कुणाला ते त्यातून पिऊ देत नसत. म्हणत, "गाव येईल तवा काढीन." बाबांचं सगळं लहानपण गावच्या दारात ओंजळ धरून पाणी पिण्यात गेलं होतं. वरून धार पडायची, अर्धी तोंडात, अर्धी मातीत. गावानं आपल्या हातचा एक ग्लास प्यावा, एवढीच त्यांची इच्छा होती. सुनेला ती ठाऊक होती, म्हणूनच ती मला इतकी जपत होती.

आणि मग बहात्तरचा दुष्काळ आला.

मित्रांनो, पाणी म्हणजे काय ते मला तेव्हा कळलं. विहिरीत टँकर ओतला जायचा आणि घागरी एकमेकींवर आदळायच्या. पण सरजाबाईंच्या घरात मी जे पाहिलं, त्याने मी थक्क झालो. घरातला माणूस बाजेवर बसून आंघोळ करायचा, एका तांब्यात. बाजेच्या सुतळीतून गळलेलं पाणी खालच्या परातीत जमायचं. त्याच पाण्यात पायपुसणं धुऊन निघायचं, आणि शेवटी जे गढूळ ओंजळभर उरायचं ते माझं. त्याला साबणाचा वास नव्हता, साबण होता कुणाकडे! घामाचा खारटपणा तेवढा होता. खडी फोडून आलेल्या माणसांचा तो घाम. त्यावर मी हिरवा राहिलो. गावात दुसरं हिरवं असं काही उरलं नव्हतं.

जयंती जवळ आली तेव्हा सरजाबाईंचे यजमान व्यंकटी म्हणाले, "औंदा नुसता झेंडा लावू. प्यायला पानी न्हाई आन् शरबत कुठलं करायलाव?"

बाबा पेटीकडे पाहत बसले. त्यांची छाती त्या हिवाळ्यापासून भरून यायची, आणि पुढची जयंती आपल्याला दिसेल असं त्यांना वाटत नव्हतं.

सरजाबाई म्हणाल्या, "घरटी एक तांब्या मागते. जास्त न्हाई."

जयंतीच्या सकाळी तांब्ये येऊ लागले. कुणाचा भरलेला, कुणाचा निम्मा. म्हाताऱ्या भामाबाई छोटीशी लोटी घेऊन आल्या. "एवढंच हाय, माय," त्या संकोचून म्हणाल्या. बाबांनी ती लोटी दोन्ही हातांनी घेतली. ज्या पाण्यासाठी काल विहिरीवर भांडणं झाली, तेच पाणी आज आपण होऊन मोठ्या रांजणात पडत होतं. मी कितीही सांगितलं तरी तुम्हाला ते तसं दिसायचं नाही.

मग सरजाबाई माझ्यापाशी आल्या. "समदाच खुडावा लागंल रे तुला," त्या पुटपुटल्या. त्यांनी मला मातीलगत कापलं, चार बुडखे तेवढे ठेवले. वाचेन की नाही, हे त्यांनाही माहीत नव्हतं आणि मलाही.

शरबत कसं करतात ते ऐका, कारण हल्ली ते बाटलीतून येतं असं मुलांना वाटतं. गूळ फोडून पाण्यात विरघळवला आणि फडक्याने गाळला. माझी पानं पाट्यावर मीठ आणि भाजलेल्या जिऱ्याबरोबर ठेचली. फार वाटायचं नाही, नाहीतर मी कडवटतो. आमचा स्वभावच तसा. लिंबं मुदखेडहून आली होती. तिथे रेल्वेत असलेले सरजाबाईंचे भाऊ रामकिशन पिशवी घेऊन आले होते. लिंबं तळहाताखाली दगडावर घोळवून मऊ केली आणि रस अगदी शेवटी पिळला. वर दोन-चार अख्खी पानं सोडली. त्यातलं एक पान म्हणजे मीही होतो. असा वास सुटला की रस्त्यापलीकडचे हातोडे थांबले.

कारण त्या वर्षी दुष्काळी कामाचा रस्ता वस्तीसमोरूनच जात होता आणि सगळं गाव तिथे खडी फोडायला बसलं होतं. त्या दिवशी टँकर आलाच नाही. कामावरचं पिंप सकाळीच कोरडं पडलं. दुपारी उन्हाने दगड तापले, लोकांच्या ओठांना भेगा पडल्या. वीस पावलांवर रांजण होता. बाबांनी पेटी उघडली, ग्लास काढून धोतराने पुसले, ओळीने मांडले आणि हाक दिली, "या, शरबत प्या!"

कुणी उठलं नाही. प्रत्येक जण शेजाऱ्याकडे पाहत होता.

तेवढ्यात फाट्यावरून पायी येणारे शरणप्पा दिसले. गावचे लिंगायत किराणा दुकानदार, गळ्यात लिंग, हातात छत्री. उदगीरची एसटी त्यांना तिथेच सोडून गेली होती. चालता चालता त्यांचा तोल गेला आणि ते खडीच्या ढिगावर मटकन बसले. डोळे पांढरे झाले होते. सरजाबाई तांब्या घेऊन धावल्या, मागोमाग शरबताने भरलेला ग्लास घेऊन बाबा. शरणप्पांनी डोळे उघडले, समोर कोण आहे ते पाहिलं आणि हळूच दोन्ही हात जोडून ओंजळ पुढे केली. भांड्याला हात न लावता प्यायची ती जुनी रीत. आज ओंजळ मात्र त्यांची होती.

बाबांनी ग्लास पुढे धरला. ग्लासात तरंगत मीही पुढे झालो.

"ओंजळ नको, अप्पा," बाबा म्हणाले. "गिलास घ्या."

"ओंजळीतच दे, लिंबाजी."

"ओंजळीत अर्धं मातीत जातंय, अप्पा. म्या लई पेलोय तसं. लोकायनी घरटी तांब्या दिलाय, मातीत घालायला न्हाई दिला. गिलास घ्या."

सगळा रस्ता पाहत होता. शरणप्पांनी गावाकडे पाहिलं, मग ग्लासाकडे. त्यांनी ओंजळ सोडली, ग्लास घेतला आणि एका दमात संपवला. मी त्यांच्या मिशीला चिकटलो. मिशी पुसून ते म्हणाले, "गूळ कुठला म्हणायचा?"

"तुमच्याच दुकानचा," बाबा म्हणाले. "पानी तेवढं आमचं."

शरणप्पा हसले आणि त्यांनी ग्लास पुन्हा पुढे केला. मग खडीवरून एक बाई उठली, दोन माणसं उठली, आणि पाहता पाहता रांग लागली. गाव बदललं असं मी म्हणणार नाही. काही जण तहानलेलेच बसून राहिले, तेही मी पाहिलं. पण जे प्यायले, ते ग्लासातून प्यायले. बाबा सगळ्यांना देत राहिले आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत राहिलं. त्या कोरड्या वर्षात एवढं पाणी कुठून आलं, देव जाणे.

शेवटी ग्लास विसळलेलं पाणी माझ्या बुडख्यांवर पडलं. काही दिवसांनी कोंब फुटले. आणि एके सकाळी शरणप्पांच्या पत्नी गुरम्मा दारात आल्या. "एक काडी दे की, सरजाबाई. आमचं माणूस शरबत, शरबत म्हणून जीव खायलंय."

"न्या की. पर खुडत ऱ्हावा, न्हाईतर रुसतो. आन् आंघोळीचं पानी घाला. कुनाच्या बी आंघोळीचं चालतंय त्याला," सरजाबाई म्हणाल्या. दोघी खूप हसल्या.

बाबा पुढच्या जयंतीपर्यंत राहिले नाहीत. ग्लास मात्र पुन्हा पेटीत गेले नाहीत. वापरून वापरून एकेक फुटला, आणि फुटल्याचं कुणाला वाईट वाटलं नाही.

ब्याऐंशी साली लातूर जिल्हा झाला. सरजाबाईंच्या लेकीला, पंचशीलाला, नव्या जिल्ह्याच्या कचेरीत नोकरी लागली. ओल्या फडक्यात माझा दांडा आणि उरलेला शेवटचा ग्लास घेऊन ती एसटीत बसली. लातुरात नळ आले, फ्रीज आला, हिरव्या रंगाच्या बाटल्या आल्या. मला कुणी खुडेना. मी वेडावाकडा वाढलो, पिवळा पडलो, आणि लोकांनी माझ्या डब्यात विझलेल्या उदबत्त्यांच्या काड्या खुपसल्या. मग लातूरला रेल्वेने पाणी आणायची वेळ आली. तेव्हा निवृत्त झालेल्या पंचशीलाबाईंनी न्हाणीत परात ठेवली. कितीतरी वर्षांनी मला ती ओळखीची खारट चव लागली.

त्याच उन्हाळ्यात टँकरवरचा एक माणूस दारात आला. पाणी मागितलं आणि सवयीने ओंजळ पुढे केली. बाई आत गेल्या, लिंबू पिळलं, माझी पानं ठेचली आणि बाबांचा ग्लास भरून आणला. "ओंजळ नको, दादा. ग्लास घ्या."

मित्रांनो, मी साधा पुदिना. माझं मागणं फार नाही. मला खुडा, खुडल्यानेच मी वाढतो. वापरलेलं पाणी ओतून देऊ नका, मला घाला. आणि दारात कुणी ओंजळ पुढे केली, तर आधी ग्लास शोधा. शरबताचं मी बघतो.