डावा हातमोजा

मी एक जुना पोलादी ओटा आहे, टेबलासारखा चार पायांचा. स्वयंपाकघरातला नव्हे, मित्रांनो. माझ्यावर कधी भाजी चिरली गेली नाही. समुद्रकाठच्या प्राण्यांच्या दवाखान्यात, अगदी मागच्या खोलीत मी उभा असतो. समुद्रातला एखादा प्राणी मेला, की तो कशाने मेला हे शोधण्यासाठी त्याला माझ्यावर आणून निजवतात. हे ऐकून तुम्ही नाक मुरडाल. खुशाल मुरडा. मला सवय आहे.

मला एका लहानशा कारखान्यात घडवले. पोलादाचा जाड पत्रा कापला, त्याच्या कडा वर वळवल्या, मधोमध उतार दिला आणि पाणी वाहून जावे म्हणून एका टोकाला भोक पाडले. त्याच आठवड्यात माझी तीन भावंडेही तयार झाली. दोघे एका बेकरीत गेले, एक खानावळीत. मी इकडे आलो. मला घडवणाऱ्या कारागिराने शेवटी माझ्या कडांवरून चारही बाजूंनी आपला अंगठा फिरवून पाहिला होता. काम करताना कुणाचा हात कापू नये, एवढाच त्याचा हेतू. त्या अंगठ्याचा स्पर्श मला अजून आठवतो.

पहिली अनेक वर्षे मी मोठ्या डॉक्टरांच्या हाताखाली काढली. माझ्यावर कासवे आली, डॉल्फिन आले, तेलाने माखलेले समुद्रपक्षी आले. दर वर्षी नवे शिकाऊ यायचे. बहुतेकांना डॉल्फिनबरोबर पोहायचे असायचे. पहिली चिरफाड पाहिली, की त्यातले निम्मे तोंडावर हात धरून बाहेर पळायचे. मोठे डॉक्टर चष्मा पुसत म्हणायचे, “ज्याला फक्त हसरे प्राणी हवेत, त्याने घरी जाऊन चित्रं काढावीत. रंग तरी हाताला लागतील!”

एकदा माझ्यावर तपासलेल्या सात कासवांमुळे कळले, की बंदराजवळच्या एका नळातून विषारी पाणी समुद्रात जात आहे. तो नळ बंद झाला. वर्तमानपत्रात डॉक्टरांचा फोटो आला. त्यात माझा एक कोपरा दिसत होता. त्या कोपऱ्याचा मला बरेच दिवस तोरा होता.

दवाखान्यात प्राण्यांना खाऊ घालणारे एक काका होते. हातात सदानकदा माशांची बादली, म्हणून सगळे त्यांना बादलीकाका म्हणत. शाळा सुटली की त्यांची मुलगी इथे यायची आणि माझ्या खोलीच्या दाराशी स्टुलावर बसायची. एकदा माझ्यावर मेलेले डॉल्फिनचे पिलू पाहून तिने विचारले, “त्याला आता दुखत नाही ना?”

“नाही,” मोठे डॉक्टर म्हणाले. “पण कुठे दुखत होतं, ते आता आपल्याला शोधायचंय.”

मुलगी उठली आणि जवळ आली. ती पुढे शिकली, प्राण्यांची डॉक्टर झाली. मोठे डॉक्टर निवृत्त झाल्यावर त्यांच्या जागी तीच आली आणि सगळे तिला डॉक्टरीणबाई म्हणू लागले. बादलीकाकांची छाती फुगली होती. चारचौघांत ते तिला मुद्दाम “मॅडम” म्हणायचे आणि गालातल्या गालात हसायचे. घरच्यासारखे बोलायचे झाले, तर आधी इकडेतिकडे पाहून घ्यायचे.

आता बाईसाहेबांविषयी सांगतो. बाईसाहेब म्हणजे एक सील. सील हा मासा नव्हे. ती तुमच्यासारखीच हवेत श्वास घेते आणि पिलांना दूध पाजते. बोटीच्या पंख्याने तिचा एक पुढचा पर कापला गेला होता. तिला पुन्हा समुद्रात सोडणे शक्य नव्हते. बावीस वर्षे ती दवाखान्याच्या हौदात राहिली आणि बादलीकाकांनी तिला स्वतःच्या हाताने भरवले. मासा जरा शिळा वाटला, की ती तो पाण्याबाहेर भिरकावून द्यायची. म्हणून तिचे नाव बाईसाहेब.

एका थंडीत बाईसाहेबांनी खाणे सोडले. डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासले, एक्स-रे काढला. पातळ रबर एक्स-रेमध्ये नीट उमटत नाही, हे सगळ्यांना नंतर आठवले. छातीत संसर्ग असावा असे वाटून त्यांनी औषधे सुरू केली. दहाव्या दिवशी सकाळी बाईसाहेब गेल्या.

चौघांनी तिला उचलून माझ्यावर निजवले. चौघांत बादलीकाका होते. बाकीचे तिघे गेले, काका भिंतीला टेकून राहिले.

“बाबा, तुम्ही बाहेर थांबा,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “ज्यानं वाढवलं त्यानं आत थांबायचं नाही, असा आपलाच नियम आहे.”

“राहू दे मला.”

“तुम्हाला नाही बघवणार.”

“नाहीच बघवणार. तरी राहू दे.”

डॉक्टरीणबाईंनी एप्रन बांधला. त्यांनी काम सुरू केले. फुप्फुसे स्वच्छ होती. हृदय ठीक होते. मग त्यांनी पोट उघडले. जिथून अन्न आतड्यात उतरते, तिथे काहीतरी पिळा पडून घट्ट बसले होते. चिमट्याने ते हलकेच ओढून त्यांनी माझ्यावर ठेवले आणि पाण्याखाली उलगडले. निळा रबरी हातमोजा. डाव्या हाताचा. मनगटापाशी लाल रंगाची रेघ होती. आपले मोजे इतरांच्या मोज्यांत मिसळू नयेत, म्हणून बादलीकाका तशी रेघ ओढायचे. दवाखान्यात दुसरे कुणी ओढत नसे.

नळ वाहत राहिला. खूप वेळाने डॉक्टरीणबाईंनी तो बंद केला.

“कधी?” त्यांनी विचारले.

“महिना झाला,” काका म्हणाले. “बोटं आखडली होती थंडीनं. मोजा काढून हौदाच्या कडेला ठेवला, हात चोळले. वळून बघतो तर नाही. गटारात शोधला, जाळी उचलून बघितली. वाटलं, वाहून गेला असेल.”

“नोंदवहीत लिहिलं नाहीत?”

“तिथं लिहिलं असतं तर सगळे म्हणाले असते, म्हातारा झालाय, वस्तू विसरतो. हौदावरून काढून कुठंतरी खुर्चीत बसवलं असतं.”

“आणि ती जेवेनाशी झाली तेव्हा?”

काका मोज्यावरच्या लाल रेघेकडे बघत राहिले.

“बाबा, नऊ दिवस मी तिला चुकीची औषधं टोचत होते. एक शब्द बोलला असतात, तर घशातून नळी घालून त्याच दिवशी काढला असता मी. नऊ दिवस, बाबा!”

“रोज सकाळी ठरवून यायचो,” काका म्हणाले. “आज सांगायचंच. तुझ्या या खोलीच्या दारापर्यंत यायचो.” त्यांनी हात पुढे केला, पण बाईसाहेबांच्या अंगाला लावला नाही. तसाच मागे घेतला.

दुपारी दवाखान्याचे प्रमुख आले. त्यांनी मोजा पाहिला, दार लावून घेतले आणि मवाळ आवाजात म्हणाले, “वय झालंच होतं तिचं. वार्धक्याने मृत्यू, असं लिहा. काका आठ महिन्यांत निवृत्त होतील. कशाला शोभा करायची?”

डॉक्टरीणबाईंनी माझ्या कडेला दोन्ही हात टेकले.

“याच खोलीत मी लहानपणापासून बघत आलेय,” त्या म्हणाल्या. “इथे खोटं लिहायला लागलो, तर मग या टेबलाचं काय काम? भंगारात द्या की.”

त्यांनी अहवाल लिहिला. मोज्याचे माप लिहिले, रंग लिहिला, लाल रेघही लिहिली. तो मोजा कुणाचा, तेही लिहिले. सही करताना पेनाने कागद फाटला, म्हणून शेवटचे पान पुन्हा लिहावे लागले.

काकांना हौदावरून काढले. चार दिवसांनी ते आपले गमबूट न्यायला आले. डॉक्टरीणबाई मला धूत होत्या. खोलीत तिसरे कुणी नव्हते.

“मॅडम, बूट न्यायला आलोय,” काका म्हणाले. या वेळी ते हसले नाहीत.

“न्या,” त्या म्हणाल्या. त्यांनी वर पाहिले तोपर्यंत काका गेले होते. त्या दिवशी त्यांनी मला तीनदा धुतले, मी स्वच्छ असूनही.

मित्रांनो, सगळे नीट झाले असे सांगायला मला आवडले असते. तसे झाले नाही. काका पुन्हा कधी दवाखान्यात आले नाहीत. एकाच घरात राहून बापलेक कामापुरते बोलतात, असे सफाईवाल्या मावशींकडून मी ऐकले. समुद्र दिसतो म्हणून काका खिडकीकडे पाठ करून बसतात म्हणे.

दवाखान्यात मात्र एक गोष्ट बदलली. काही हरवले आणि ज्याने हरवले त्याने त्याच दिवशी सांगितले, तर त्याला कुणी बोल लावायचा नाही, असा नियम डॉक्टरीणबाईंनी भांडून करून घेतला. मागच्या पावसाळ्यात एक शिकाऊ मुलगी रडतच माझ्या खोलीत शिरली. “मॅडम, ब्रशचं टोपण सापडत नाहीये. कासवाच्या टाकीत पडलं बहुतेक. माझ्याच हातून.”

डॉक्टरीणबाई हातातले सारे टाकून धावल्या. तासाभरात कासवाच्या घशातून टोपण निघाले. ते कासव माझ्यावर आले नाही.

आता माझा एक पाय गंजला आहे. उतार बिघडल्यामुळे पाणी माझ्यावर साचते. पुढच्या महिन्यात खालीवर होणारे नवे टेबल येणार आहे. मला अंगणात ठेवतील, मग कुठे नेतील ते ठाऊक नाही.

तुमच्यापैकी कुणाला समुद्रातल्या प्राण्यांचे डॉक्टर व्हायचे असेल, कुणाला त्यांना भरवायचे असेल, त्यांनी जरूर यावे. इथे माणसे कमीच पडतात. पोहायला शिका, अभ्यास करा, वास सहन करायला शिका. पण त्याहून अवघड काम आधी शिकून या. हातून चूक झाली, तर ती त्याच दिवशी, त्याच दारातून आत येऊन सांगा. लाज वाटेल, आवाज फुटणार नाही, तरी सांगा. बादलीकाकांचे बाईसाहेबांवर जेवढे प्रेम होते, तेवढे मी दुसऱ्या कुणात पाहिले नाही. तरीही ते दाराशी येऊन नऊ वेळा परत गेले, आणि मग तिला उचलून आत घेऊन आले.