पांढरी अंगठी

श्रीरंगचा फोन अमेरिकेहून दर रविवारी सकाळी येतो. त्या रविवारी त्याने दोन गोष्टी सांगितल्या. पहिली, साखरपुड्याची अंगठी प्लॅटिनमचीच हवी, वर हिरा. तो आयत्या वेळी येणार, म्हणून केतकीला बरोबर नेऊन मीच ती घ्यायची. दुसरी, त्याने तिकडे घर घेतलं आहे आणि भारतात परतायचा विचार आता सोडला आहे. "केतकीला आत्ताच बोलू नका, बाबा. लग्न होऊ दे, मग मी तिला समजावतो." मी बरं म्हणालो. फोनवर मला भांडता येत नाही, समोर माणूस लागतो.

केतकी नागपूरची. इथे बंगलोरला कोरमंगल्यात पेइंग गेस्ट म्हणून राहते, कॉम्प्युटरच्या कंपनीत काम करते. लग्न ठरल्यापासून अधूनमधून बनशंकरीला माझ्याकडे यायची. आल्या आल्या स्वयंपाकघरात शिरायची, डब्यांची झाकणं उघडून बघायची आणि "काका, तुम्ही काही खाता की नाही?" म्हणून मला रागवायची. माझी बायको नयना गेल्यापासून मला कोणी रागावलं नव्हतं. केतकी यायची असली की मी दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून बसायचो. आता हे लपवण्यात काय अर्थ आहे?

तिला वडील नाहीत, नागपुरात आई एकटीच. श्रीरंगने दोन वर्षांत परत येऊ असा शब्द दिला, त्या शब्दावर तिने होकार दिला होता. हे मला माहीत होतं, आणि तरी रविवारी मी फोनवर बरं म्हणालो होतो.

शनिवारी आम्ही कमर्शियल स्ट्रीटवरच्या एका दुकानात गेलो. विमानांच्या कारखान्यात कानडी माणसांबरोबर डबा खाऊन मी नोकरी संपवली. केतकीसमोर इंग्रजी फाडणं मला कमीपणाचं वाटलं. काउंटरमागच्या विक्रेत्याच्या छातीवर 'गुरुप्रसाद' अशी पट्टी होती; त्याला मी ऐटीत कानडीत म्हणालो, "मदुवे हुडुगीगे बिळी उंगुरा तोरिसी." म्हणजे, लग्नाच्या मुलीसाठी पांढरी अंगठी दाखवा. तो "सरी सार" म्हणाला आणि त्याने आमच्यापुढे तबकभर चांदीची जोडवी मांडली. लग्नाच्या मुलीची पांढरी अंगठी पायातच असते, त्याचं काहीच चुकलं नव्हतं.

केतकी तोंडावर ओढणी धरून हसत होती. "काका, श्रीरंगला सांगू का, तुम्ही थेट जोडवीच घेऊन राहिले म्हणून?"

मीही हसलो, पण नजर त्या जोडव्यांवरून हलेना. नयनाची जोडवी फरशीवर वाजायची. ती कुठल्या खोलीत आहे ते मला पेपरातून मान वर न करता कळायचं. आता घरात फक्त फ्रिज वाजतो.

शेवटी मी मुकाट्याने "प्लॅटिनम" म्हणालो. गुरुप्रसाद जरा सावरून बसला. हे फार कोणी विचारत नाही, म्हणाला, आणि आतून एक लहानशी पेटी घेऊन आला. मला त्या सगळ्या अंगठ्या स्टीलच्या वाटल्या. केतकीने मात्र एकेक बोटात घालून पाहिली. सगळ्यात मोठ्या हिऱ्याची तिने लगेच काढली.

"ही छान होती की," मी म्हणालो.

"खडा फार वर आला आहे, काका. आईच्या डोक्याला तेल लावताना केसांत अडकेल." मग तिने बसक्या खड्याची, साधी अंगठी घातली आणि हात लांब धरून बघितला. "ही घेऊ. आणि काका, तुमची वरची खोली भाड्याने देऊ नका हं. आम्ही परत आलो की आईला तिथेच आणू. तुम्ही दोघं टीव्हीवरून भांडत बसा."

मी फक्त गप्प बसायचा अवकाश होता. साखरपुडा झाला असता, लग्न झालं असतं, व्हिसा येईपर्यंत ती माझ्याच घरी राहिली असती. सकाळी कोणीतरी चहाला हाक मारली असती. त्या काही महिन्यांचा मला इतका लोभ सुटला, की माझीच मला लाज वाटली.

"केतकी," मी म्हणालो, "तो येणार नाही."

"साखरपुड्याला?"

"साखरपुड्याला येईल. परत राहायला येणार नाही. तिकडे घर घेतलंय त्याने. तुला सांगू नका म्हणाला."

ती अंगठी काढायला लागली, तर ती बोटाच्या पेरावर अडकली. गुरुप्रसादला आमचं मराठी कळत नव्हतं. त्याने काळजीने विचारलं, "स्वल्प टाइट आ?" केतकीने मान हलवली, अंगठी फिरवत फिरवत काढली आणि पेटीत जागेवर ठेवली.

रस्त्यावर आल्यावर तिचे डोळे भरले. "मी रोज आईला सांगून राहिली होती, दोनच वर्षं, दोनच वर्षं." मग तिने माझ्याकडे पाहिलं. "तुम्ही का सांगितलं, काका? तुम्हाला तर मी घरात हवी होती."

"हवी होतीस. फार हवी होतीस. पण फोनची वाट बघत एकट्याने बसायचं म्हणजे काय, ते मला ठाऊक आहे. ते तुझ्या आईच्या पदरात कसं टाकू?"

तिने त्या गर्दीतच वाकून मला नमस्कार केला. मी तिच्यासाठी रिक्षा थांबवली. कोरमंगल्याला जायला रिक्षावाला कुरकुरत होता, त्याच्याशी मी उगाचच जास्त भांडलो. ती आत बसली.

"जाते, काका," ती म्हणाली.

निघताना आपल्यात कोणी असं म्हणत नाही. नागपूर असो की बंगलोर, आपण 'येते' म्हणतो. आजवर तीही तेच म्हणायची. सवयीने माझ्या तोंडून "ये" निघालं, तोवर रिक्षा वळली होती.