हिरवी झाक

"आधी ट्यूब लावा," खात्रीभाऊ म्हणाला. "मग बोलू."

चष्मेवाल्या बाईंनी भर दुपारी ट्यूब लावली. खात्रीभाऊनं नाकावरचा चष्मा काढला, काचा उजेडाखाली धरल्या आणि बाईंच्या पुढ्यात नेल्या.

"दिसते ना ट्यूब, पांढरीशुभ्र? देताना तुम्ही काय म्हणाला होतात? रात्रीच्या ड्रायव्हिंगसाठी खास कोटिंग आहे, दिव्यांचा उजेड काचेवर चमकत नाही, ट्यूबखाली धरलं की नुसती हिरवी झाक दिसते. तेव्हा दिसली होती, नाही म्हणत नाही मी. आता कुठे गेली? रंग फासून दिला होतात की काय?"

खात्रीभाऊ हे काही त्याचं खरं नाव नव्हे. संध्याकाळी सुटून पहाटे पोचणाऱ्या बसचा तो ड्रायव्हर. चाकाचे नट क्लीनरनं आवळले तरी हा पुन्हा पाना लावून बघणार. डॉक्टरनं गोळी लिहून दिली तर ती दोन दुकानांत दाखवून विचारणार, हीच ना ती? लोकांनी म्हणून हे नाव ठेवलं. लोक हसायचे, पण त्याच्या गाडीत बसले की निवांत झोपायचे, तेही खरं.

संशयाचा हा किडा घरी मात्र वळवळत नसे. बायकोनं भरलेली पिशवी त्यानं कधी उघडून पाहिली नाही, तिनं दिलेल्या चहात साखर आहे का, हेही कधी विचारलं नाही. "तिच्या हातचं काय तपासायचं?" असं तो म्हणे, आणि एरवी कुणालाही न सोडणारा हा माणूस ते अगदी सहज म्हणे.

या खेपेचा संशय साधा नव्हता. गेल्या आठवड्यात उतारावर समोरून ट्रक आला आणि त्याचे दिवे डोळ्यांपुढे असे पसरले की रस्ताच नाहीसा झाला. डावं चाक डांबरावरून खाली उतरलं. गाडी सावरली, प्रवाशांना कळलंही नाही. क्लीनरला कळलं. एरवी गाडी हलली की घोरणारा तो गडी त्या दिवसापासून टक्क जागा राहून खात्रीभाऊच्या तोंडाकडे बघत बसायचा. खात्रीभाऊला तेव्हापासून एकच धास्ती होती. डोळे गेले असतील तर स्टिअरिंग गेलं, आणि स्टिअरिंगखेरीज त्याला दुसरं काही येत नव्हतं. त्यापेक्षा बाई लबाड निघाव्यात, असं त्याला मनापासून वाटत होतं.

"बसा. आधी डोळे बघू," बाई म्हणाल्या.

"ही अक्षरं मागच्याच वेळची आहेत. पाठ आहेत मला."

बाईंनी तक्ता बदलला. खात्रीभाऊनं शेवटची ओळसुद्धा वाचली. मग त्याला यंत्रासमोर बसवून बाईंनी दोन्ही डोळे सावकाश तपासले.

"नंबर तोच आहे. डोळे चांगले आहेत तुमचे."

"नक्की?"

"खात्री वाटत नसेल तर दुसरीकडे दाखवा."

"दाखवणारच आहे," तो म्हणाला, पण त्याचा जीव भांड्यात पडला होता आणि आवाजातली धार गेली होती.

बाईंनी भिंग दिलं. काचेवर बारीक रेघांची जाळी होती, सगळ्या गोल गोल, एकीवर एक.

"कोटिंग आपोआप नाही गेलेलं. कुणीतरी घासून काढलंय. रोज, चांगला जोर लावून. या ओरखड्यांमुळेच दिवे पसरतात. कशानं पुसता चष्मा?"

"मी कुठं पुसतो? घरी..." म्हणता म्हणता तो थांबला. या गोल रेघा त्यानं पाहिल्या होत्या. घरातल्या प्रत्येक पातेल्याच्या बुडाला त्या होत्या.

त्या संध्याकाळी त्याची सुट्टी होती. त्यानं जन्मात केलं नव्हतं ते केलं. अंघोळीला जातो म्हणून नळ सोडला, चष्मा नेहमीच्या खिडकीत ठेवला आणि दाराआड उभा राहिला. स्वतःच्या घरात चोरासारखं उभं राहताना त्याला लाज वाटली, पण तो हलला नाही.

बायको आली. चष्मा घेऊन मोरीशी बसली. भांडी घासायची पावडर चिमूटभर घेतली, घासणी ओली केली आणि काचा घासायला लागली. अगदी मन लावून. मधेच उजेडात धरून बघायची, पुन्हा घासायची.

"काय करतेस गं?"

ती दचकली नाही. "दिसत नाही का? चष्मा धुतेय. नवा आणलात तेव्हा बघितलात का कधी नीट? कसला तो हिरवट तवंग होता काचांवर. तेलकट हात लागल्यासारखा. साबणानं जाईना. मीही हट्टाला पेटले. किती दिवस घासला, तेव्हा कुठे गेला मेला. जगाच्या खात्र्या करत फिरता आणि दुकानदारानं तुम्हालाच घाण काच दिली."

खात्रीभाऊनं वळून वाहता नळ बंद केला.

"तुम्ही रात्रभर रस्त्यावर," ती पाणी ओतत म्हणाली. "मला झोप कुठली लागते? इथं बसून मी दुसरं करू तरी काय? निदान तुम्हाला समोरचं स्वच्छ दिसावं."

तिनं चष्मा टॉवेलानं कोरडा केला आणि त्याच्या हातात दिला.

दुसऱ्या दिवशी सकाळीच तो दुकानात गेला. "अगदी अशाच फ्रेमचा दुसरा बनवा. कोटिंग तेच. संध्याकाळच्या आत हवाय."

"आणि हा जुना? हा घालून गाडी चालवू नका हं."

"नाही चालवणार. पण असू दे तो."

"घासत कोण होतं, कळलं का?"

"नाही," खात्रीभाऊ म्हणाला. मग जाता जाता, नजर न मिळवता, "माल तुमचा चांगला होता, बाई. मीच उगाच बोललो." कुठल्याही दुकानदाराला असं म्हणायची त्याची ही पहिलीच वेळ होती.

संध्याकाळी निघताना बायकोनं जुना चष्मा पुढे केला. "बघून घ्या, डाग राहिला नाही ना कुठे."

"तुझ्या हातचं काय तपासायचं," तो म्हणाला, आणि चष्मा लावला. दारातली ती त्याला जरा धुरकट दिसली.

बसमध्ये बसल्यावर त्यानं तो चष्मा काढला आणि खिशातून रुमालात गुंडाळलेला दुसरा काढून लावला. क्लीनर बघतच राहिला.

"भाऊ, दोन-दोन चष्मे? आणि अगदी सारखे? काय लपवताय?"

"तू पुढची काच पूस. मऊ फडक्यानं."

रुमाल तसाच खिशात गेला. चष्म्याची नवी कडक डबी त्यानं उघडली, घासून घासून लख्ख झालेला जुना चष्मा तिच्यात जपून ठेवला, आणि झाकण नीट बसलंय ना, ते दोनदा दाबून पाहिलं.