फडक्याचा उपवास

बैठकीत पडद्यावर गल्लीतल्या सगळ्या कार्डांचे फोटो ओळीनं मांडले होते. व्हॅसलीन फासून आठवडाभर खिडकीबाहेर टांगलेली, उडती धूळ टिपणारी पांढरी कार्डं. शेजाऱ्यांची राखाडी पडली होती. सासूबाईंबरोबर आलेल्या, शिवणकाम करणाऱ्या सुनेचं मात्र लख्ख पांढरं. आणि तिची खिडकी तर सिमेंटच्या गोदामासमोरच!

"बघा, आमच्या दारातलंच कार्ड सगळ्यांत स्वच्छ," गोदामाचे मॅनेजर खुर्चीतून अर्धे उठले. "मग ट्रक दुसऱ्या रस्त्यानं न्या, ही तुमची मागणी कशाला?"

सुनेची लेक चिमणी खोकून खोकून अर्धी झाली होती. औषध मिळे, पण खोकल्याचं कारण कुणी सांगत नसे. संशोधक बाई 'धूळ मोजायला माणसं हवीत' म्हणत दारोदार फिरल्या, तेव्हा पहिलं नाव हिनं दिलं होतं ते त्यापायीच.

शेजारी बसलेल्या सासूबाई कानाशी कुजबुजल्या, "आपलंच उठून दिसतंय ना? रोज पुसून वर ताजं व्हॅसलीन लावत होते मी."

सून बघतच राहिली. उठल्या उठल्या खिडकी पुसायची, हा सासूबाईंचा नेम. त्या फडक्यातून कार्ड कसं सुटणार?

"अहो आई, ती धूळच हवी होती त्यांना!"

"धूळ? ती कुणाला हवी असते गं?"

"चिमणीच्या छातीत काय जातंय, ते कळायला."

सुनेला पेच पडला: सांगावं तर चारचौघांत म्हातारीचं हसं, न सांगावं तर ट्रक आहेतच उरावर. सून उभी राहिली. "बाई, आमचं कार्ड बाद करा. माझ्याकडूनच जरा..."

सासूबाईंनी तिला हाताला धरून खाली बसवलं. "तू कशाला अंगावर घेतेस? मी पुसलंय ते."

सगळे खो खो हसले.

"हसा. लग्न होऊन आले तेव्हापासून पुसतेय. सकाळी पुसावं, दुपारी पुन्हा तेच. आजवर ती धूळ बघायला कुणी आलं नाही. आता आलंय, तर मीच पुसून बसले! नवं कार्ड द्या बाई. बोट लावणार नाही."

"सवय सुटेल का आजी?" मॅनेजरांनी टोला हाणला.

"उपवास मला नवे नाहीत. हा एक फडक्याचा."

तो त्यांनी कडक पाळला. सकाळी खिडकीशी जात, हात पाठीमागे बांधून नुसत्या बघत. शेजारीण गॅलरीत चादर झटकायला आली, तर "आत झटक, माझं कार्ड आहे इथं!" म्हणून तिलाच दटावलं.

पुढच्या बैठकीत सासूबाईंनी कार्ड कुणाच्या हाती दिलं नाही. पाटीसारखं काळपटलेलं ते कार्ड आधी मॅनेजरांसमोर धरलं, मग बाईंच्या टेबलावर अलगद ठेवलं.

"हे एका आठवड्याचं," त्या म्हणाल्या. "आता बोला, ट्रक कुठून न्यायचे?"