खाडीत सरकलेला फलक

मित्रांनो, मी अंजूरच्या खाडीकाठचा एक जुना, गंजका फलक आहे. भिवंडीतल्या एका कारखान्यात माझा पत्रा कापला गेला. पेंटरने माझ्यावर लाल अक्षरांत लिहिले, ‘किनारा नियमन क्षेत्र. तिवरे तोडण्यास व भराव टाकण्यास मनाई. भारत सरकार.’ पाइपावर चढवून, बुडाशी सिमेंट ओतून मला खाऱ्या चिखलात वाढणाऱ्या तिवरांच्या कडेला उभे केले, तेव्हा मला वाटले, आपण या झाडांचे राखणदार झालो.

पण गावाला मी नकोच होतो. “जमीन आमची, आन् हुकूम दिल्लीचा?” असे म्हणत लोक माझ्यावर पिंका टाकत. सर्वांत जास्त राग प्रितेशचा. त्याला तिथे गोदाम बांधायचे होते. त्याची विधवा काकी कमळा मात्र त्याच तिवरांत चिंबोऱ्या, म्हणजे खेकडे, धरून पोट भरत असे.

एके दुपारी प्रितेशने माझा पाइप बुडाशी कापला आणि मला पार खाडीच्या पाण्याशी, चिखलात नेऊन रोवले. मग डंपर आले. माझ्या मागची तिवरे दगडमातीखाली गाडली गेली आणि मी खोटी हद्द दाखवत उभा राहिलो. इतकी लाज मला पिंकांचीही वाटली नव्हती.

कमळाच्या तक्रारीवरून सरकारी साहेब पाहणीला आले.

“साहेब, भराव फलकाच्या अलीकडं हाय,” प्रितेश म्हणाला.

“फलक यानंच हलवलाय!” कमळा ओरडली.

“काकी, तू घरची हाईस का दुश्मन?”

घमेले घेऊन कमळा माझ्या जुन्या जागेवरचा भराव उकरू लागली. जमलेली माणसे हसली, कोणी शिवीही हासडली. तिची बोटे रक्ताळली. अखेर सिमेंटात रुतलेला माझ्या पाइपाचा खुंट उघडा पडला. साहेबांनी तिथल्या तिथे काम बंद पाडले.

मला पुन्हा त्या खुंटाशी जोडले. गाडलेली तिवरे मात्र परत आली नाहीत. आणि प्रितेशच्या बहिणीच्या, उन्नतीच्या हळदीला साऱ्या गावाला बोलावणे गेले, फक्त कमळाला नाही. गावात बँजो वाजत होता, आणि ती बांधावर एकटीच बसून चिंबोऱ्यांच्या नांग्या बांधत होती.

मित्रांनो, मला रंग लावा किंवा लावू नका. पण कायद्यासाठी भांडणाऱ्या माणसाला वाळीत टाकू नका. मी पत्रा आहे, मला एकटे उभे राहता येते. ती माणूस आहे.