सोमवारची पुडी

“चार म्हयने आमच्या तोंडाक मासळी नाय, आणि परसात मेल्यांका सुंगटां!”

हौसाआक्का हे चुलीला सांगत होती की सुभद्रेला, ते कळायला मार्ग नव्हता. नवऱ्याची ही थोरली विधवा बहीण चातुर्मासात घरात मासळी शिजू देत नसे, आणि तिचं स्वतःशी बोलणं नेमकं सुभद्रेच्या कानापर्यंत पोचे, भावाच्या कानापर्यंत कधीच नाही. सुभद्रा तळहातावरची पुडी पाहत होती — औषधाची असते तशी, तीन घड्या आणि चौथी आत खोचलेली, वर शाईच्या पेन्सिलीने ‘सोमवार’ लिहिलेलं, ‘स’ला ऐटबाज शेपूट. परसातल्या कासवांच्या पुडीवर एवढं वळणदार अक्षर!

तिचा नवरा हरिश्चंद्र मालवणला एका डॉक्टरांकडे कंपाउंडर होता. रविवारी आचऱ्याच्या घरी पडवीत बसून तो आठवड्याच्या पुड्या बांधी. सुकी सुंगटं, म्हणजे बारीक कोलंबी, तीन पाण्यांतून धुवायची, खारटपणा गेला की पुन्हा वाळवायची, डोकी काढायची; किनाऱ्यावर सापडणारा समुद्रफेन खलून त्याची चिमूटभर पूड, कवच घट्ट राहावं म्हणून; शेवग्याचा वाळवलेला पाला. सोबत रोज तांबड्या भोपळ्याची नखाएवढी फोड. “आणि भात अजिबात नको गो,” दर रविवारी तो सांगे, “भातान पोट भरता, अंगाक लागणा नाय.” एवढं लांब वाक्य तो माझ्या वाट्याला एरवी कधी बोलला होता… तिने आठवून पाहिलं. लग्नाच्या दुसऱ्या महिन्यात, छत्री कुठे ठेवली ते विचारताना.

खोकला आला. पदर तोंडाशी धरून तिने तो गिळला. दसऱ्यापासून हे चाललं होतं, काढा तीच उकळून घेत होती, पण सांगायचं कोणाला? सबंध मालवणाला मात्रा मोजून देणाऱ्या माणसाला घरातला खोकला आपण होऊन ऐकू यायला हवा, असं तिचं म्हणणं होतं, आणि हे म्हणणं तिने आजवर कोणालाच सांगितलं नव्हतं.

ती परसात आली. विहिरीजवळच्या दगडी दोणीत दोघं होती. थोरलं ताटलीएवढं, धाकटं तळव्यात मावेल असं, काळीभोर. सहा वर्षांपूर्वी, लग्नाच्या पहिल्याच आठवड्यात, शेजारच्या तुळसाने विहिरीवर कळशी घासता घासता सांगून टाकलं होतं — नांगरटीच्या वेळी मळ्यातल्या चिखलात ही सापडली, आणि तिने पदरात घालून घरी आणली. ‘तिने’. नाव तुळसानेही एकदाच घेतलं, तेही आवाज उतरवून. घरात तर कोणीच घेत नसे. भिंतीवर तसबीर नव्हती, लुगडी कधीच वाटून टाकलेली. सुभद्रेच्या गळ्यात मात्र काळ्या पोतीशेजारी चांदीचा टाक होता, दुसरेपणावर आलेल्या बाईने घालायचा, वारलेल्या पहिलीच्या नावाचा. रोज सकाळी ती त्याला कुंकू लावी, नवं लुगडं आधी त्याला दाखवी. त्याचं तिला कधी जड वाटलं नाही. टाक बिचारा गळ्यात गप्प पडून असे… टाकाला भूक नव्हती.

या दोघांना होती. संध्याकाळी एस.टी.तून उतरला की हरिश्चंद्र चपला न काढता आधी परसात येई, दोणीच्या कडेला उकिडवा बसे, आणि त्या दोन माना पाण्यातून वर येत, त्याच्याकडे, कशा लांबत — एखादी बाई उंबऱ्यावरून वाटेकडे मान लांबवते ना, तशा. तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर जे येई, ते पाहायला सुभद्रा दाराआड उभी राही. पाहून झालं की आत जाऊन उगाचच भांडी आपटी.

तिने पुडी उघडली आणि माडाच्या बुंध्याशी झटकली. कावळे आधीच येऊन बसले होते. आषाढापासून त्यांना वेळ पाठ झाली होती. कागद तिने त्याच घड्यांवर मोडून ठेवला, कारण हरिश्चंद्र तो परत वापरी. भोपळ्याची फोड आमटीत गेली होती. दोणीत भात टाकला, वर दोन थेंब दूध. घरात चातुर्मास, तर घरातल्या सगळ्यांनीच पाळायचा, कासवंही घरातलीच… आषाढात हे तिला अगदी पटलं होतं. श्रावणात थोडं कमी पटलं. आता कार्तिकात ती ते मनात मोठ्याने म्हणत होती, हौसाआक्कासारखं.

थोरलं भाताभोवती फिरून खाली गेलं. धाकटं दगडावरच होतं. तिने वाकून पाहिलं. डोळे सुजून मिटले होते, भिजवलेल्या वालाच्या दाण्यांसारखे. तिने भाताचं शीत त्याच्या तोंडापाशी धरलं. त्याने मान आत घेतली — रागाने नाही, जोर नसलेल्या माणसाने कूस बदलावी तशी. मेलं तर? मेलं तर बरंच, असा विचार येईल म्हणून ती थांबून राहिली. तो आला नाही. आलं ते दुसरंच… याचे सुजलेले डोळे मी ओळखते आहे, कुठून? सकाळी आरशात.

संध्याकाळी हरिश्चंद्र कोमट पाणी आणि कापूस घेऊन दोणीपाशी बसला. धाकट्याला तळव्यावर घेऊन पापण्या हलके पुसत राहिला.

“माझाच खंयतरी चुकता,” तो म्हणाला. “पाल्याचा प्रमाण कमी पडला असतला.”

“प्रमाण कावळ्यांका इचार,” हौसाआक्का मागल्या दारातून म्हणाली. “माडाखालचे कावळे बरे गुबगुबीत झाले, नाय गो सुभद्रा?”

त्याने मान वर केली नाही. कापूस पिळला, दुसरा घेतला. त्याला कळलं की नाही? त्याने ओरडावं, असं तिला वाटलं. ओरडला असता तर तिलाही काही बोलता आलं असतं. पण तो पुन्हा पुटपुटला, “फेन बारीक खलूक होयो,” आणि ते तिला सहन होईना.

“तुमचा काय एक चुकला नाय,” ती म्हणाली. “मी पुडये घालूकच नाय. भात घातलंय. चातुर्मास-बितुर्मास काय नाय… आनंदीची म्हणान.”

नाव परसात पडलं. हौसाआक्का आत गेली. सुभद्रेचा हात टाकावर गेला होता. टाक नेहमीसारखाच गार.

हरिश्चंद्राने धाकट्याच्या पापणीवर पुन्हा कापूस टेकवला.

“आनंदीक दोन म्हयने खोकलो होतो,” तो म्हणाला. “सगळ्या मालवणाक मी पुडये बांधून दिलंय. तिका एकय बांधूक नाय. काय होणा नाय, काढो पी, म्हटलंय.”

सहा वर्षं जिच्या वाट्याच्या मायेवर मी जळले… तिच्या वाट्याला तर काढाच होता, माझ्यासारखा, तोही स्वतःच उकळून घेतलेला. इतका जपून ठेवलेला तो जळफळाट आता कुठे नेऊन ठेवायचा? हात एकदम रिकामे वाटले, कळशी विहिरीत सुटून गेल्यावर वाटतात तसे. त्याच्या तळव्यावर धाकट्याने मान जराशी बाहेर काढली होती. सुभद्रेच्या घशात खोकला दाटून आला, आणि या वेळी तो त्याच्यापासून लपवायला पदर तोंडाशी न्यावा, तर हात उठेना.